रिठा, राख आणि लोणारचा खार

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

धुण्यावर बोलायचं ठरलं तेव्हा पहिला आक्षेप घरातूनच आला. कवी माणसानं या विषयावर काय बोलावं, आणि तुम्ही आयुष्यात कपडे धुतलेत तरी किती? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नव्हतं, म्हणून मी पहिल्याच प्रश्नाला धरून बसलो.

निमित्त तसं साधं होतं. आमच्या गल्लीतल्या काही मुली अलीकडे धुण्याची पावडर घरीच करतात. कुणी रिठे उकळते, कुणी साबणाची वडी किसून त्यात धुण्याचा सोडा मिसळते. मोबाइलवर बघून शिकतात. त्यातल्या एकीनं मला एक बाटली आणून दिली आणि विचारलं, "चाचा, आधीचे लोक कशानं धुवायचे?" मी म्हणालो, "साबणानं." म्हणालो आणि जीभ चावली. कारण माझ्याच लहानपणी, आमच्याच घरात, साबणाची वडी कोनाड्यात उंचावर ठेवलेली असायची आणि ती रोज खाली उतरत नसे. मग रोज धुणं कशानं व्हायचं? ते आठवू लागलो, थोडं वाचू लागलो, आणि वाशीम जिल्ह्यापासून पार अकबराच्या दरबारापर्यंत जाऊन आलो.

अम्मी म्हणायची, साबण आधी पाण्याला लागतो, मग कपड्याला. हे मला तेव्हा कोडं वाटायचं. मी बी.ए. झालेला माणूस, रसायनशास्त्राशी माझा संबंध दहावीत तुटला. पण आता कळतं की ती अगदी शास्त्रोक्त बोलत होती. आपल्याकडच्या काळ्या दगडातल्या विहिरींचं आणि बोअरचं पाणी बहुधा जड. त्यात चुन्याचे आणि मॅग्नेशियमचे क्षार असतात. साबण पडला की तो आधी या क्षारांशी जुळतो आणि पाण्यावर फुटक्या दह्यासारखी साय येते. ती साय कपड्यावर बसते, कपडा मळकट दिसतो. फेस येतो तो त्यानंतर, म्हणजे निम्मा साबण वाया गेल्यावर. यावर जुन्या लोकांचा उपाय एकच, आधी खार आणि मग साबण. खारानं पाणी हलकं होतं. आणि साबण नसलाच तर नुसत्या खारावरही काम भागायचं.

हा खार घरात कुठून येई? चुलीतून. आमच्याकडे जळण म्हणजे पऱ्हाट्या आणि तुराट्या. कापूस वेचून झाला की शेतातल्या पऱ्हाट्या उपटून त्यांचे भारे घरी येत, आणि त्यांची राख पांढरी, हलकी, अगदी पिठासारखी पडे. तळाला भोक असलेलं एक जुनं मडकं होतं. भोकात चिंधीचा बोळा कोंबायचा, वर राख दाबून भरायची आणि हळूहळू पाणी सोडायचं. खाली थेंब थेंब चहाच्या रंगाचं पाणी गळायचं. बोटांना ते बुळबुळीत लागलं की समजायचं, उतरला. बुळबुळीत नसेल तर तेच पाणी पुन्हा राखेवर. या पाण्यात मळके कपडे रात्रभर बुडवून ठेवायचे आणि सकाळी दगडावर. कपड्याला तेलकट मळ असेल तर खार त्या तेलाशी जुळून तिथल्या तिथे थोडासा साबणच तयार करतो. हेही मला आत्ता कळलेलं. अम्मीला फक्त एवढं माहीत होतं की कॉलर निघते.

राख चाळायचं काम माझ्याकडे होतं. आमच्याकडे येणारी वरठीण मावशी एकदा मी चाळलेली राख चिमटीत धरून म्हणाली, "बाबू, राख वस्त्रगाळ कर. खडा राह्यला त लुगडं फाटते." वस्त्रगाळ हा शब्द मी पहिल्यांदा तिच्या तोंडून ऐकला. पुढे पुष्कळ वर्षांनी कवितेबद्दल बोलताना कुणीतरी तो वापरला, तेव्हा मला राखच आठवली.

रिठा मात्र रोजचा नव्हे. तो रेशमाचा, लोकरीचा, ईदच्या आणि लग्नाच्या कपड्यांचा. बिया काढून टाकायच्या, साली रात्रभर भिजत घालायच्या, सकाळी मंद आचेवर शिजवून हातानं कुस्करायच्या आणि गाळून घ्यायच्या. यात एक गोम आहे. रेशीम आणि लोकर ही प्राण्यांपासून आलेली, आपल्या केसांच्या जातीची. तीव्र खार त्यांना खातो. कापूस झाडाचा, तो खार सोसतो. रिठ्याच्या पाण्यात खार नाही, त्याच्या सालीतलं द्रव्यच साबणासारखा फेस धरतं, आणि जड पाण्यातही धरतं. म्हणून पैठणीला रिठा आणि धोतराला राख ही वाटणी कुण्या प्रयोगशाळेनं केलेली नाही, पण ती चूकही नाही.

ही वाटणी किती जुनी? मनुस्मृतीत शुद्धीच्या प्रकरणात कपड्यांचा हिशेब आहे. त्या ग्रंथाची २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला होळी झाली. ती का झाली ते आपण जाणतो आणि त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. पण त्यात धुण्याची जी यादी आहे ती बघण्यासारखी आहे. रेशीम आणि लोकर खाऱ्या मातीनं, कांबळी रिठ्यानं, तलम वस्त्रं बेलफळानं, जवसाच्या धाग्याचं कापड पांढऱ्या मोहरीच्या वाटणानं. माझी शंका एवढीच की रेशमाला खारी माती सांगणाऱ्यानं स्वतः कधी रेशीम धुतलं असेल का? झटकन बुडवून काढलं तर चालतही असेल. पण आमच्या वरठीण मावशीनं ही यादी एका फटक्यात दुरुस्त करून दिली असती. तिला कुणी विचारलं नाही, आणि तिच्या आधीच्या हजार वर्षांतल्या तिच्यासारख्या कुणालाही विचारलं नाही.

आता राखेचा खार हा गरिबाचा खार. बाजारात मिळणारा खार वेगळा होता, आणि त्याचं मोठं ठिकाण आपल्या शेजारी होतं. रिसोडहून लोणार फार लांब नाही. जिल्हा बुलडाण्याचा, पण रिसोड, मालेगावच्या लोकांना लोणार आपलंच वाटतं. उल्का पडून झालेलं तिथलं खाऱ्या पाण्याचं सरोवर सर्वांना माहीत आहे. उल्कापाताचं शास्त्र अलीकडचं, १९७० च्या दशकात पक्कं झालेलं. त्याआधी शेकडो वर्षं लोणारची कीर्ती वेगळ्याच कारणासाठी होती. अबुल फजलच्या ‘आइन-ए-अकबरी’त वऱ्हाड सुभ्याचं वर्णन आहे. काळ सोळाव्या शतकाची अखेर, वऱ्हाड मोगलांकडे नुकताच आलेला. आपलं वाशीम तेव्हा एका सरकारचं मुख्य ठाणं होतं आणि मेहकर दुसऱ्या सरकारचं. मेहकरच्या हद्दीत लोणार. तिथलं तळं एक कोस लांब, एक कोस रुंद, भोवती उंच डोंगर, पाणी खारट, असं लिहून अबुल फजल पुढे नोंदवतो की काच आणि साबण करण्याचं साहित्य इथे मिळतं आणि सरकारला इथून बरंच उत्पन्न होतं.

काच आणि साबण! पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून ठेवलं आणि थोडा वेळ बसून राहिलो. दिल्ली-आग्र्याच्या दरबाराला आमच्या शेजारच्या तळ्यातला धुण्याचा खार माहीत होता, आणि मला, तिथून एका एसटीच्या अंतरावर वाढलेल्याला, माहीत नव्हता. शाळेत आम्हाला लोणार शिकवलं ते उल्केचं आणि दैत्यसूदन मंदिराचं. खाराचा धडा नव्हता.

हा खार निघायचा उन्हाळ्यात. सरोवराचं पाणी आटत जाई, काठावर आणि चिखलात क्षाराचे थर धरत. ते गोळा करणारी माणसं गुडघाभर, कमरेभर खाऱ्या गाळात उतरत. निघालेल्या मालाच्या जाती होत्या आणि त्यांना स्थानिक नावं होती. दल्ला, निमक दल्ला, खुप्पल, पापडी, भुस्की. किती छान शब्द आहेत! इंग्रज अमदानीतल्या भूगर्भतज्ज्ञांनी हे नमुने तपासले, तेव्हा त्यांना दिसलं ते असं की यातल्या चांगल्या मालात मुख्य भाग सोडियमच्या कार्बोनेटचा, म्हणजे आपण दुकानातून आणतो त्या धुण्याच्या सोड्याचाच. त्यांनी रासायनिक नावं दिली, पण प्रतवारी त्यांच्या आधीच झालेली होती. ती जीभ, बोट आणि डोळा यांनी केली होती. त्या मजुरांच्या पायांचं काय होत असेल, याची नोंद मला कुठे सापडली नाही. ज्यानं सोड्यात हात घालून दोन तास धुणं धुतलं आहे त्याला त्याची कल्पना येईल.

मग लोणारचा खार गेला कुठे? तो संपला नाही, तो महाग ठरला. फ्रान्समध्ये लब्लाँ यानं १७९१ मध्ये साध्या मिठापासून सोडा करण्याची कृती काढली. १८६१ मध्ये बेल्जियमच्या सॉल्व्हेनं त्याहून स्वस्त कृती काढली. मीठ, चुनखडी आणि अमोनिया यांच्या जोरावर कारखान्यांतून सोड्याचे ढीग निघू लागले. विलायती सोडा पोत्यांनी उतरू लागला. पुढे १९३९ मध्ये टाटांचा कारखाना गुजरातच्या किनाऱ्यावर मिठापूरला उभा राहिला आणि सोडा देशीही झाला. उन्हाची वाट पाहत गाळात उतरणाऱ्या माणसाचा माल त्यापुढे काय टिकणार? आज लोणार अभयारण्य आहे, २०२० मध्ये ते रामसर यादीतही गेलं, आणि तिथला खार काढायचा प्रश्नच उरलेला नाही. उरला तो उलटा प्रश्न. गावातलं सांडपाणी सरोवरात जातं, त्यावरून उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापर्यंत प्रकरणं गेली. ज्या तळ्यानं शेकडो वर्षं लोकांना धुण्याचा खार दिला, त्याच तळ्याकडे आता घराघरातल्या धुण्याचं पाणी वाहून जाण्याची भीती.

खाराचा मोठा गिऱ्हाईक परीट. आपल्या वऱ्हाडात त्याला वरठी म्हणतात. त्याची भट्टी मी लहानपणी पाहिलेली आहे. कपडे आधी खाराच्या पाण्यात भिजवून पिळायचे. मोठ्या हंड्यात पाणी उकळत ठेवायचं, आणि हंड्याच्या तोंडाभोवती त्या ओल्या कपड्यांचा ढीग असा रचायचा की खालची वाफ सगळ्यांतून फिरून वर निघेल. रात्रभर भट्टी. पहाटे नदीवर दगडाशी आपटणं, मग गवतावर ऊन, पुन्हा पाण्याचा शिपका, पुन्हा ऊन. ओलावा आणि ऊन मिळून कापूस पांढरा करतात. शेवटी नीळ आणि तांदळाची कांजी. भट्टीचा कपडा म्हणजे इस्त्रीशिवायही उभा राहणारा कपडा.

या धंद्याबद्दल कौटिल्याच्या अर्थशास्त्रात नियमच आहेत. परटानं लाकडी फळीवर किंवा गुळगुळीत दगडावरच धुवावं, दुसरीकडे धुऊन कपडा फाडला तर भरपाई आणि वर सहा पण दंड. गिऱ्हाइकाचे कपडे स्वतः घालून मिरवला तर तीन पण. आणि तो चोरून घालतो की स्वतःचेच घालतो हे कळावं म्हणून त्याच्या स्वतःच्या कपड्यांवर मुद्गराची, म्हणजे मोगरीची खूण असावी. मोठा संशयी माणूस होता कौटिल्य. पण गिऱ्हाइकांच्या कपड्यांवर खूण करण्याची परटाची रीत आमच्या लहानपणीही होती, आणि ती बिब्ब्यानं होई. मानोरा-मालेगावच्या जंगलात बिब्बा पुष्कळ. त्याच्या तेलानं काढलेली आणि वर चुना लावलेली खूण काळी पडते आणि कपडा फाटेपर्यंत जात नाही. इंग्रजांनी तर बिब्ब्याला त्यांच्या भाषेत ‘खुणेचं फळ’ असंच नाव दिलं. एका घराला दोन ठिपके, दुसऱ्याला फुली, तिसऱ्याला आडवी रेघ. अक्षर न शिकलेल्या माणसाची ही लिपी होती आणि तिच्यात चूक होत नसे. आमच्या घराची खूण म्हणजे एक रेघ आणि तिच्याखाली ठिपका. उर्दूतल्या ‘बे’ अक्षरासारखी. मावशीला ‘बे’ माहीत असण्याचं कारण नव्हतं, पण आम्हा भावंडांना फार मौज वाटायची.

याच्यापुढचं सांगायला थोडं जड जातं. आमचं गाठोडं वेगळं बांधलं जाई. ठिपके-रेघा सगळ्यांना सारख्याच, पण गाठोडं वेगळं आणि भट्टीतला थर वेगळा. यात मावशीचा दोष मी मानत नाही. ती अम्मीला भाभी म्हणायची, घरात बसून चहा प्यायची. पण एकत्र धुतले असते तर दुसऱ्या गिऱ्हाइकांनी कपडे देणं बंद केलं असतं. आणि आमचे निदान घेतले तरी जात. गावकुसाबाहेरच्या वस्तीतले कपडे परटानं घेऊ नयेत, असा गावोगावचा दंडक होता. त्या वस्तीत कपडे घरच्या बायकाच धुवत, राखेनं, आणि वेगळ्या पाणवठ्यावर. घरगुती साबणाचं आज कौतुक होतं तेव्हा मला हे आठवतं. घरी धुणं ही काहींची हौस असते, काहींची ती सक्ती होती. आणि बाळंतिणीचे, विटाळाचे, मृताचे कपडे सगळ्यांचे धुणारी वरठीण स्वतः मात्र ओसरीच्या कडेला बसे.

अशाच एका परटाच्या घरात २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगाव इथे डेबूजी झिंगराजी जाणोरकर जन्मले. पुढे जग त्यांना गाडगेबाबा म्हणू लागलं. अंगावर चिंध्या, डोक्यावर गाडग्याचं खापर, हातात खराटा. ज्याच्या जातीनं पिढ्यान् पिढ्या दुसऱ्यांचे कपडे पांढरे केले, त्यानं स्वतः चिंध्या पांघरल्या आणि गावंच झाडायला घेतली. पूर्णेच्या काठी ऋणमोचनला त्यांनी घाट बांधवून घेतला. त्या घाटाचं वर्णन करताना लोक यात्रेकरूंच्या आंघोळीचं सांगतात. मला नेहमी वाटतं, दगडाचा घाट म्हणजे काय हे परटाच्या मुलाला वेगळ्या अर्थानं कळलेलं असणार. २० डिसेंबर १९५६ रोजी ते गेले. वाशीम जिल्ह्यातली महाविद्यालयं ज्या विद्यापीठाला जोडलेली आहेत त्याला आज त्यांचं नाव आहे. माझ्या पदवीच्या कागदावर नुसतंच ‘अमरावती विद्यापीठ’ छापलेलं आहे, नाव नंतर जोडलं गेलं.

आता साबणाकडे वळू. शब्द परदेशी. अरबीत साबून, पोर्तुगीजात साबाओ, आणि दोघांचं मूळ एकच, लॅटिन ‘सापो’. आमच्या घरात अजून साबूनच म्हणतात. भारतात बांधीव, ठसा उमटवलेल्या वड्या आल्या त्या लिव्हर बंधूंच्या. १८८८ मध्ये सनलाइट साबणाची खोकी कलकत्त्याच्या बंदरात उतरली. पण त्या वडीबद्दल लोकांच्या मनात एक शंका होती, चरबी कुणाची? १८५७ ची काडतुसं विसरण्याइतका काळ गेलेला नव्हता. गाईची असेल म्हणून हिंदू दूर राहत, डुकराची असेल म्हणून मुसलमान. म्हणजे साबणाच्या बाबतीत तरी दोघांची भीती एका कोनाड्यात ठेवलेली होती. अर्देशीर गोदरेज यांनी १९१८-१९ च्या सुमारास वनस्पती तेलाचा साबण काढला तेव्हा ही अडचण सुटली. साबणात चरबी नाही, हे त्या काळी सुगंधाहून मोठं आश्वासन होतं.

वर्ध्याला १९३४ मध्ये अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ निघाला. मगनवाडीत कुमारप्पांच्या देखरेखीखाली तेलघाणी, कागद, गूळ यांच्या जोडीनं साबणाचेही प्रयोग चालत. कल्पना साधी होती. खाण्याचं तेल साबणात घालू नये, निंब, करंज, मोह यांच्या बियांचं कडू तेल घालावं. बिया आपल्या बांधावर पडून कुजतात. स्वातंत्र्यानंतर खादी ग्रामोद्योग आयोगानं अखाद्य तेल आणि साबण हा उद्योगच यादीत घेतला. आपल्या कारंज्याचं नाव करंजाशी जोडतात, पण कारंज्यात करंजाच्या तेलाचा साबण मला कधी विकत मिळाला नाही. असो.

खरी उलथापालथ झाली ती घरातूनच. १९५९ मध्ये हिंदुस्थान लिव्हरचं सर्फ आलं. हा साबण नव्हे, पेट्रोलियमपासून केलेलं डिटर्जंट, जड पाण्यालाही न जुमानणारं. अम्मीचं वाक्य त्यानं खोटं पाडलं, पण किंमत अशी की ते आमच्या गल्लीत फक्त मास्तरांच्या घरी दिसे. दहा वर्षांनी, १९६९ मध्ये, अहमदाबादेत सरकारी नोकरीतल्या करसनभाई पटेल नावाच्या रसायनतज्ज्ञानं आपल्या घरी पावडर मिसळायला सुरुवात केली आणि कामावर जाता-येता सायकलवरून ती विकली. मुलीच्या नावावरून नाव ठेवलं निरमा. भाव साधारण तीन-साडेतीन रुपये किलो. सर्फ त्याच्या चौपट. मी शाळेत असताना रेडिओवर त्या जाहिरातीचं गाणं लागे आणि आमच्या वर्गातला प्रत्येक जण ते म्हणे. म्हणजे आज गल्लीतल्या मुली जे करतात तेच एका माणसानं केलं होतं, फक्त ते घरात मावलं नाही. मुंबईत गिरगावात १५ मार्च १९५९ रोजी ८० रुपये उसने घेऊन सात बायकांनी पापड सुरू केले, त्या लिज्जतनंही पुढे ‘ससा’ नावाची पावडर काढली. पापडाला खार लागतो, धुण्याला खार लागतो. मला त्यात काही आश्चर्य वाटलं नाही.

निरमा आला आणि आमच्या घरातलं मडकं कोपऱ्यात गेलं. वरठीण मावशीचीही घरं कमी कमी होत गेली. अम्मीला आनंदच झाला, हे मी प्रामाणिकपणे सांगतो. राख चाळणं, गाळणं, रात्रभर भिजवणं, पहाटे आपटणं यात कसली कविता नव्हती. तिचे तळहात बघितलेल्या माणसानं तरी तसं म्हणू नये.

पावडर घरी करण्याचा एक प्रयोग मीही केलेला आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी आमच्या भागात बचत गटांसाठी एक प्रशिक्षण झालं. बायको गेली होती, मी सामान उचलायला. सोडा ॲश, मीठ, रंग, वास, आणि मुख्य म्हणजे स्लरी. काकवीसारखा तपकिरी, घट्ट द्रव. तो आम्ल असतो, आणि सोड्यात पडला की दोघांचं जुळून डिटर्जंट तयार होतं. जुळताना उष्णता निघते, मिश्रण फसफसतं. हळूहळू, थोडं थोडं घालायचं, हातात रबरी मोजे घालायचे, गुठळ्या फोडत जायचं, थंड झाल्यावर चाळायचं. शिकवणाऱ्यानं मोज्यांचं सांगितलंच नाही. घरी आल्यावर मी कवीच्या उत्साहानं स्लरी एकदम ओतली. तळहाताची साल गेली, आणि पंधरा दिवस लिहिणं बंद. पावडर मात्र बरी झाली होती. गटाला ती विकता आली नाही, कारण तोवर मोठ्या कंपन्यांच्या एक रुपयाच्या पुड्या प्रत्येक पानठेल्यावर लोंबत होत्या.

म्हणून गल्लीतल्या मुलींना मी दोन-तीन गोष्टी सांगितल्या. लिंबू किंवा सिरका आणि सोडा एकत्र घालू नका. फेस खूप येतो, पण तो दोघांनी एकमेकांना संपवल्याचा फेस आहे. खाण्याचा सोडा आणि धुण्याचा सोडा वेगळे, खाण्याचा चांगला तापवला की धुण्याचा होतो. रिठ्याचं पाणी दोन-चार दिवसांत आंबतं, तेव्हा लागेल तेवढंच करा आणि डोळ्यांत जाऊ देऊ नका. रिठ्यानं पांढरे कपडे पिवळसर पडतात, आणि गॅरेजमधल्या पोराचा शर्ट त्यानं मुळीच निघत नाही. त्याला सोडाच हवा.

आणि एक गोष्ट मी अलीकडेच शिकलो. अम्मी राखेच्या धुण्याचं पाणी परसातल्या केळीला घालायची आणि केळ जोमानं वाढायची. राखेतला खार मुख्यतः पोटॅशचा, तो झाडाला लागतो. बेतानं दिला तर खतच. सोड्यातला खार सोडियमचा. तो आपल्या काळ्या मातीत साठत गेला तर माती पावसात चिकट आणि उन्हात दगड होते, पाणी खाली मुरत नाही. अकोला-अमरावतीकडच्या खारपाणपट्ट्यातल्या शेतकऱ्याला चोपण जमीन म्हणजे काय हे कुणी समजावून सांगायला नको. दोघांनाही आपण खारच म्हणतो. कपड्याला दोन्ही सारखेच, मातीला नाहीत. उन्हाळ्यात एकबुर्जी धरणाची पातळी खाली जाते, वाशीमात नळ काही दिवसांआड येतो, तेव्हा धुण्याचं पाणी कुंड्यांना घालणाऱ्या घरात एवढा फरक माहीत असलेला बरा.

एक धुणं मात्र आमच्यात अजून बाजारच्या पुडीवर आलेलं नाही. मयताला शेवटची आंघोळ घालताना पाण्यात बोरीचा पाला टाकतात. अरबस्तानातही बोरीच्या जातीचंच झाड, आणि तिथली चौदाशे वर्षांपूर्वीची ही रीत. त्या पाल्यातही रिठ्यासारखाच फेस धरणारा अंश असतो. अम्मी गेली ती भर उन्हाळ्यात. चाचीनं मला पाला आणायला पिटाळलं. नाल्याकाठच्या बोरीवर हिरवा पाला थोडाच उरला होता, ओरबाडताना हाताला काटे लागले. अंगणात चुलीवर मोठं पातेलं चढवलं होतं, खाली पऱ्हाट्या. पाला टाकून चाचीनं लाकडानं ढवळलं. पाणी हिरवट झालं आणि पातेल्याच्या कडेनं बारीक फेस धरू लागला. मी आणखी पाला आणू का म्हणून विचारलं. चाचीनं दोन बोटं पाण्यात बुडवून एकमेकांवर घासून पाहिली आणि म्हणाली, "बस बेटा, इतना काफी है." मग तिनं मला बाहेर जायला सांगितलं, आणि बायका पाणी आत घेऊन गेल्या.